बंद पडलेल्या सुपरकारचं इंजिन कमी खर्चात उभं करता येतं का? वरणगावच्या गॅरेजपासून फेरारीपर्यंतचं गणित

एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. धुळीने माखलेली लॅम्बोर्गिनी, चारही टायर बसलेले, काचेवर बोटाने लिहिलेली नावं. पंधरा सेकंदांत इंजिन बाहेर येतं, चकाचक होतं, परत बसतं आणि शेवटी तो कानठळ्या बसवणारा आवाज. खाली आकडा असतो, "फक्त इतक्या लाखांत!"

मग मनात विचार येतो. मोठ्या शहरात बंद पडलेली एखादी जुनी इंपोर्टेड गाडी नव्या फॉर्च्युनरपेक्षा स्वस्तात मिळते म्हणतात. आपल्याकडे मेकॅनिक आहेत, लेथवाले आहेत. मग आपणच का नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुसावळ तालुक्यातलं वरणगाव सुरतहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. जुना एनएच ६, आताचा ५३. केळीचे ट्रक, शेतातले ट्रॅक्टर, जुन्या जीप यांची इंजिनं खोलणं, बोर करणं, परत जोडणं हे या पट्ट्यातल्या गॅरेजचं रोजचं काम आहे. त्या हातांना सुपरकारचं इंजिन जमेल का? जमलं तर पैसे कुठे वाचतील आणि कुठे बुडतील? एकेक करून पाहू.

थोडक्यात उत्तर

इंजिन उभं करण्याची पद्धत ट्रॅक्टरची असो की फेरारीची, तत्त्वाने एकच आहे: खोला, स्वच्छ करा, मोजा, झिजलेलं बदला किंवा घासून मापात आणा, ठरलेल्या ताकदीने आवळा. फरक तीन गोष्टींत पडतो. चूक खपवून घेण्याची मर्यादा, ब्लॉकचा धातू आणि सुटे भाग मिळण्याची सोय. यातली दुसरी गोष्ट, म्हणजे सिलिंडर कशाचे बनलेत, हीच बहुतेक वेळा तुमचं बजेट ठरवते. गाडीचा बिल्ला नाही.

सुपरकारचं इंजिन वेगळं म्हणजे नेमकं काय?

वेग. गाडीचा नाही, पिस्टनचा.

शेतातला साधारण ट्रॅक्टर २,००० ते २,२०० आरपीएमवर काम करतो. फेरारी एफ३५५ (१९९४ ते १९९९) या गाडीचं ३.५ लिटरचं व्ही८ इंजिन ८,२५० आरपीएमवर पूर्ण ताकद देतं आणि त्याच्याही वर फिरतं. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने निघतो. तो थांबवण्याचा आणि पुन्हा ओढण्याचा सगळा ताण कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टवर येतो. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पिस्टनचं वजन आणि स्ट्रोक तेवढाच ठेवून फेरे चौपट केले, तर ताण सोळापट.

म्हणून ट्रॅक्टरमध्ये जुना रॉड-बोल्ट पुन्हा वापरून वर्षानुवर्षं चालतं, आणि इथे तोच बोल्ट सुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. फेरारीने एफ३५५ मध्ये टायटॅनियमचे रॉड घातले ते दिखाव्यासाठी नव्हेत. हलका रॉड म्हणजे कमी ताण.

पण गंमत अशी की याच फेरारीत आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये एक मोठं साम्य आहे. दोन्हींत सिलिंडर म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेला वेगळा लायनर असतो आणि त्याच्याभोवती थेट पाणी फिरतं. याला वेट लायनर म्हणतात. ट्रॅक्टरचं "लायनर-पिस्टन किट" बदलणाऱ्या मेकॅनिकला फेरारीची ही रचना पाहिल्यावर काही परकं वाटणार नाही. फरक इतकाच की ट्रॅक्टरचा लायनर बिडाचा असतो आणि फेरारीच्या लायनरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेला असतो.

उभी राहिलेली गाडी आतून कशी खराब होते?

चालून झिजलेल्या इंजिनापेक्षा उभं राहून बिघडलेलं इंजिन जास्त फसवं असतं. मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि घेणारा भुलतो.

पेट्रोल: काही महिन्यांत पेट्रोल शिळं होतं आणि चिकट थर मागे ठेवतं. इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. टाकीत पाणी वाढत गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या गाड्यांचे रबरी होज तर इतक्या इथेनॉलसाठी बनवलेलेच नव्हते.

रबर: खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीत ऑइल सील, ओ-रिंग, टायमिंग बेल्ट, होज सगळं वाळून कडक होतं. पाहायला चांगलं दिसतं, दाब आला की तडकतं.

पाणी: रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकण्याची सवय ॲल्युमिनियमच्या इंजिनाला महागात पडते. क्षार साचतात आणि धातू आतून खाल्ला जातो. हेड गॅस्केटच्या कडेला खड्डे पडतात.

गंज: कुठले तरी व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. त्या सिलिंडरमध्ये पावसाळी हवा जाते. रिंग जिथे थांबली तिथे गंजाची बारीक रेघ उमटते. इंजिन फिरवलं की तीच रेघ रिंग खाते.

पूर: २६ जुलै २००५ ची मुंबई आणि डिसेंबर २०१५ ची चेन्नई, दोन्ही पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या पुढे लिलावात स्वस्त मिळतात. खारं पाणी तर आणखी वाईट. अमेरिकेत २०२२ च्या इयन चक्रीवादळात एक मॅक्लारेन पी१ बुडाली. टावरिश नावाच्या यूट्यूबरने ती विकत घेतली आणि तिच्या पुनर्बांधणीची दीर्घ मालिकाच सुरू झाली. ते काम वर्षानुवर्षं चालणारं आहे हे रीलमध्ये दिसत नाही.

किल्ली फिरवण्याआधी काय करायचं?

सर्वात महागडी चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. जम्पर लावून "एकदा स्टार्ट करून बघू". असं करू नका.

१. जुनं ऑइल काढा आणि स्वच्छ डब्यात बघा. दुधासारखं झालं असेल तर पाणी मिसळलंय. चमचम करणारे कण असतील तर बेअरिंग गेलंय. फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून पाहा. हा तपास जवळजवळ फुकट आहे.

२. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा.

३. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या.

४. क्रँकच्या बोल्टला गोटी लावून हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने, हळू दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर जोर लावू नका. काय अडतंय ते शोधा.

५. टायमिंग बेल्ट असेल तर त्याचं वय बघा, किलोमीटर नव्हे. जुन्या फेरारीचे बेल्ट गाडी उभी असली तरी तीन ते पाच वर्षांत बदलावेत असं मानलं जातं. बहुतेक वेगवान इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. काही हजारांच्या बेल्टपायी हेड जातं.

इंजिन न खोलता किती कळतं?

बरंच. आणि बजेटचा खरा निर्णय इथेच होतो.

प्लगच्या छिद्रातून आत घालायचा, मोबाइलला जोडणारा छोटा कॅमेरा हजार-दोन हजार रुपयांपासून मिळतो. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का, पिस्टनवर व्हॉल्व्हचे ठसे आहेत का, ते दिसतं.

मग कॉम्प्रेशन. सगळ्या सिलिंडरचं माप एकमेकांच्या जवळ हवं. १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर त्या सिलिंडरकडे लक्ष द्यायचं.

त्याहून उपयोगी चाचणी म्हणजे लीक-डाउन. पिस्टन अगदी वर ठेवून, क्रँक फिरू नये म्हणून धरून, प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. आत टिकली किती, गळली किती, ते गेजवर कळतं. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर उत्तम. २० च्या वर गेली तर काम निघालं. आणि हवा कुठून सुसकारते ते ऐकायचं:

- एअर फिल्टरच्या बाजूने: इनटेक व्हॉल्व्ह
- सायलेन्सरमधून: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह
- ऑइल टाकायच्या तोंडातून: रिंग किंवा सिलिंडर
- रेडिएटरमध्ये बुडबुडे: हेड गॅस्केट किंवा तडा

या चार आवाजांवर खर्चाचा अंदाज उभा राहतो. पहिल्या दोन ठिकाणी गळत असेल तर फक्त हेड उतरवून व्हॉल्व्ह घासण्यावर भागू शकतं. तिसरा आवाज आला तर फुल इंजिन. गाडी विकत घेण्याआधी विकणाऱ्याने ही चाचणी करू दिली नाही, तर नाही म्हणण्याइतकं कारण तुम्हाला मिळालं.

खोलल्यावर: पाना कमी, मायक्रोमीटर जास्त

अनेक सुपरकारमध्ये इंजिन सीटच्या मागे असतं. एफ३५५ चं इंजिन तर बेल्ट बदलायलाही खाली उतरवावं लागतं. मागची फ्रेम सोडून, गाडीची बॉडी वर उचलून. नंतर आलेल्या ३६० मॉडेनामध्ये सीटच्या मागची झाकणी काढून बेल्टपर्यंत पोहोचता येतं. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत मजुरीचा मोठा फरक. घेण्याआधी हे विचारावं.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. मेन बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप कधीही अदलाबदल करायच्या नाहीत, त्या जिथल्या तिथेच बसवून मशीन केलेल्या असतात.

मग मोजमाप. वरणगावात हे पटवायला फार वेळ लागू नये. १९६४ मध्ये सुरू झालेली इथली आयुध निर्माणी काडतुसं बनवते. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. काडतूस गेजमध्ये बसलं तर बसलं, नाहीतर बाद. इंजिनाचंही तसंच आहे.

क्रँकच्या जर्नल आणि बेअरिंगमधली जागा साधारणपणे व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असते. ५० मिमी जर्नलला सुमारे ०.०५ मिमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. म्हणजे केसापेक्षाही कमी जागेत ऑइलचा थर उभा राहतो आणि त्यावर सगळं इंजिन तरंगतं. हा थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही.

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन खोलींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. वर-खाली फरक आला तर तो निमुळता झालाय, दोन दिशांत फरक आला तर अंडाकृती. बोटाने चाचपून "चालेल" म्हणणं ट्रॅक्टरला कदाचित खपेल, इथे नाही.

लेथवाला काय करू शकतो, काय नाही?

इथे तुमची गाडी तीनपैकी कोणत्या गटात आहे ते बघा.

बिडाचा ब्लॉक: सर्वात सोपा. बोर करा, होनिंग करून तिरक्या रेघा पाडा, ओव्हरसाइज पिस्टन घाला, नाहीतर स्लीव्ह टाका. जिथे ट्रक-ट्रॅक्टरचं बोरिंग रोज होतं, अशा चांगल्या दुकानात हे काम होऊ शकतं. फक्त माप लिहून द्या आणि काम झाल्यावर स्वतः मोजून घ्या.

लेप दिलेले ॲल्युमिनियम लायनर: हे बोर करून चालत नाही. बोरिंग केलं की लेप गेला. नवा लायनर आणा किंवा पुन्हा लेप देणारी खास जागा शोधा.

सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियम ब्लॉक: ऑडी आर८ ची ४.२ लिटर व्ही८ आणि ५.२ लिटर व्ही१० इंजिनं या प्रकारची आहेत. यात वेगळा लायनरच नसतो. ॲल्युमिनियममध्ये मिसळलेले सिलिकॉनचे कडक कण पृष्ठभागावर उघडे केलेले असतात आणि पिस्टन त्यांच्यावर घसरतो. नेहमीच्या दगडाने होनिंग केलं की हे कण तुटतात आणि ब्लॉक खराब होतो. इथे अनुभवी पण या धातूची माहिती नसलेला कारागीर सर्वात जास्त नुकसान करू शकतो, कारण तो आत्मविश्वासाने काम करतो.

क्रँक ग्राइंडिंगचंही तसंच. ०.२५ मिमी घासून अंडरसाइज बेअरिंग टाकणं ही रोजची गोष्ट आहे. पण अनेक वेगवान इंजिनांच्या क्रँकला वरून कडक केलेला पातळ थर असतो. तो घासला गेला की क्रँक पुन्हा कडक करून घ्यावा लागतो. आणि मुळात त्या इंजिनाला अंडरसाइज बेअरिंग बाजारात मिळतं का, हे ग्राइंडिंगच्या आधी बघायचं, नंतर नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण: डीसी अवंती

"सुपरकार" म्हणून मिरवलेली एक गाडी आपल्याच राज्यातल्या कंपनीची होती. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली. इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, दोन सीट, खुजी बॉडी. किंमत ३५ लाखांच्या आसपास होती. ताकदीच्या हिशेबाने तिला स्पोर्ट्स कार म्हणणं जास्त बरोबर. पण कमी खर्चात इंजिन उभं करण्याचा धडा शिकायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

कारण तिचं इंजिन डीसीचं नव्हतंच. ते रेनॉचं एफ४आर, १,९९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, सुमारे २५० अश्वशक्तीचं. हेच इंजिन युरोपात रेनॉ मेगान आरएसमध्ये होतं. म्हणजे गाडी दुर्मीळ, पण इंजिन दुर्मीळ नाही.

दुसरी आनंदाची गोष्ट, या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. बोर ८२.७ मिमी, स्ट्रोक ९३ मिमी. वर सांगितलेल्या तीन गटांपैकी पहिला गट. जळगावच्या लेथवाल्याला हा ब्लॉक दाखवला तर तो दचकणार नाही.

पण दोन खाचखळगे आहेत. एक, डस्टरसारख्या भारतात खपलेल्या रेनॉ गाड्यांत हे इंजिन नव्हतं. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट बाहेरून मागवावे लागतात. दुसरा खाचखळगा मेकॅनिकला फसवणारा आहे. आपल्या नेहमीच्या बहुतेक इंजिनांत क्रँकच्या टोकावरची टायमिंग पुली चावीने, म्हणजे छोट्या लोखंडी तुकड्याने, जागेवर अडकलेली असते. पुली चुकीची बसूच शकत नाही. एफ४आरमध्ये ती चावी नाही. पुली फक्त बोल्टच्या आवळण्याने धरलेली असते. बोल्ट सैल केला की टायमिंग हललं. क्रँक पिनने आणि दोन्ही कॅमशाफ्ट पट्टीने लॉक केल्याशिवाय तिथे हातच लावायचा नाही. "आजवर शेकडो बेल्ट टाकलेत" हा अनुभव नेमका इथे दगा देतो.

हीच युक्ती मोठ्या गाड्यांनाही लागू पडते. नंतरच्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचं ५.२ लिटर व्ही१० आणि ऑडी आर८ चं व्ही१० एकाच घराण्यातले आहेत. आर८ चं ४.२ लिटर व्ही८ हे ऑडी आरएस४ च्या इंजिनावर बेतलेलं आहे. सेन्सर, इंजेक्टर, कॉइल यांवर अनेकदा बॉशचा नंबर असतो. तोच नंबर टाकून शोधलं तर भाग लॅम्बोर्गिनीच्या डब्याऐवजी ऑडीच्या किंवा बॉशच्या डब्यात मिळतो. भाग तोच, डब्याचे पैसे वाचतात.

पैसे कुठे वाचवावेत, कुठे अजिबात नाही?

वाचवा:

- खोलणं, धुणं, लेबल लावणं स्वतः करा. मजुरीचा मोठा हिस्सा यातच जातो.
- स्टार्टर आणि अल्टरनेटर. गावातला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन, बेअरिंग, वाइंडिंग सहज करतो.
- रेडिएटर. अनेकदा दुरुस्त होतो किंवा मापाने बनवून मिळतो.
- बॉडी, पेंट, सीट. हे सगळं नंतर. इंजिन आधी.

वाचवू नका:

- हेडचे बोल्ट आणि रॉडचे बोल्ट. अंशांत आवळायचे बोल्ट ताणले जातात, बहुतेकदा ते एकदाच वापरायचे असतात.
- टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप. तिघे एकत्रच बदला.
- सगळी गॅस्केट आणि सील.
- पेट्रोलचे होज आणि क्लॅम्प.
- ऑइल पंप. संशय आला तर बदला.

होजवर जोर देण्याचं कारण आग. मागच्या इंजिनाभोवती जागा कमी, एक्झॉस्ट लाल होण्याइतका तापतो आणि पेट्रोलची गळती चालकाला दिसत नाही. फेरारीने २०१० मध्ये ४५८ इटालियाच्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या, कारण चाकाच्या कमानीतलं उष्णतारोधक चिकटवायला वापरलेला गोंद तापून पेट घेत होता. नव्याकोऱ्या गाडीत गोंदामुळे हे होतं, तर वाळलेल्या जुन्या पाइपाचं काय होईल?

बाहेरून मागवलेल्या भागाची किंमत मोजताना वेबसाइटवरचा आकडा धरू नका. त्यात कुरिअर, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी मिळवा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. सगळे भाग एकाच यादीत, एकाच वेळी मागवा. दर आठवड्याला एक सील मागवत राहिलात तर कुरिअरचाच खर्च सीलपेक्षा जास्त होतो.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

जोडताना घाई नाही. रिंगच्या दोन टोकांमधली फट सिलिंडरमध्ये ठेवून फिलर गेजने मोजायची. साधा हिशेब, बोरच्या प्रत्येक इंचामागे सुमारे ०.००४ इंच, टर्बो असेल तर थोडी जास्त. ८२.७ मिमी बोरला हे ०.३३ मिमीच्या आसपास येतं. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन तुटतो. हे ढोबळ माप आहे. शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

टॉर्क रेंच हवाच. अंदाजाने आवळण्यात मुरलेला हात इथे उपयोगाचा नाही, कारण ऑइल लावलेला बोल्ट आणि कोरडा बोल्ट तेवढ्याच जोराने वेगवेगळे ताणले जातात.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, फक्त स्टार्टरवर थोडं थोडं फिरवा. ऑइलचा दाब गेजवर दिसेपर्यंत. मगच प्लग लावा. कूलंटमधली हवा काढा. शेजारी अग्निशामक सिलिंडर आणि तो वापरता येणारा माणूस ठेवा. बघायला आलेली गर्दी लांब.

चालू झाल्यावर तासभर नुसतं आयडल करत ठेवायची आपली सवय सोडा. रिंग नीट बसायला मध्यम लोड लागतो. गरम करून गळती तपासली की रस्त्यावर हळू चढ-उतार आरपीएमने चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा तपासा. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला आणि तो फिल्टरही कापून बघा. पहिल्या दिवशी तो कापला होता, तशीच ही शेवटची परीक्षा.

कागदपत्रांचं इंजिन

लोखंडाचं इंजिन उभं राहिलं आणि कागद बसले नाहीत, तर गाडी शोभेचीच.

इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळतात का ते पैसे देण्याआधी बघा. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो. त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. वेगळ्याच गाडीचं इंजिन बसवण्याचा स्वस्त मार्ग रीलमध्ये छान दिसतो, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पुढे तो टिकत नाही.

इंपोर्टेड गाडी असेल तर कस्टम ड्यूटी भरल्याचा कागद मागा. भूतानमार्गे चोरून आणलेल्या महागड्या गाड्यांवर कस्टम खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं. अशी गाडी तुम्ही कितीही प्रेमाने दुरुस्त केली तरी ती जप्त होऊ शकते.

वयाचंही बघा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून इंपोर्टेड कारसाठी हे शुल्क ४०,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या इंपोर्टेड चारचाकीसाठी ८०,००० रुपये. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी होऊ शकते. मात्र ती रोज चालवता येत नाही.

मग घ्यावी का?

तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, गाडीची किंमत. दुसरा, लीक-डाउनने सांगितलेलं काम आणि भागांची यादी, ड्यूटी-जीएसटीसह. तिसरा, इंजिन पूर्ण वाया गेलं तर दुसरं इंजिन मिळण्याची किंमत. तिसरा आकडा गमावला तरी घरचा हप्ता, मुलांची फी आणि शेताचा हंगाम अडणार नसेल, तरच पुढे जा. कर्ज काढून बंद सुपरकार घेणं म्हणजे बजेट नव्हे, जुगार.

आणि खरंच शिकायचं असेल, तर सुरुवात व्ही१० पासून करू नका. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन किंवा एखादं जुनं ट्रॅक्टरचं इंजिन घ्या. ते मायक्रोमीटर लावून, टॉर्क रेंचने, प्रत्येक माप वहीत लिहून जोडा. शेजारी वीस-तीस वर्षं इंजिनं जोडणारा मिस्त्री असेल तर त्याच्या हाताखाली बसा. बेअरिंग गेल्याचा आवाज त्याच्या कानाला तुमच्या स्कॅनरच्या आधी कळतो. तुम्ही त्याला मॅन्युअल वाचून दाखवा, तो तुम्हाला लोखंड वाचायला शिकवेल.

ही जोडी जमली, तर ब्लॉक बिडाचा असलेली एखादी अवंती महामार्गालगतच्या शेडमध्ये पुन्हा सुरू होणं अशक्य नाही. रीलमधला पंधरा सेकंदांचा आवाज काढायला दीड-दोन वर्षं लागतील. पण त्या दीड-दोन वर्षांत पैसा कुठे गेला, याचा हिशेब तुमच्या वहीत असेल.